केसांआधी नखाकडे बघ

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. तीन पाने आजाराविषयी आणि शेवटच्या अर्ध्या पानात, जणू सहज आठवले म्हणून, केस गळण्याविषयी लिहिले आहेस. आणि तेही "सर, हे विचारायला लाज वाटते" असे म्हणून. मला तर वाटते, ते पत्र त्या अर्ध्या पानासाठीच लिहिले होतेस. न्यूमोनियातून सेप्सिस होऊन, म्हणजे संसर्गाने सारे शरीर ग्रासून, एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात काढलेल्या माणसाने केसांचे काय घेऊन बसावे, जिवावरचे शेपटावर निभावले म्हणून समाधान मानावे, असे आजूबाजूचे तुला सांगत असतील. त्यांचे खोटे नाही. पण अकरा वर्षांपूर्वी लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, उपचारांत माझे डोके तुळतुळीत झाले, तेव्हा "जीव वाचला ना!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की पुढे मी चारचौघांत टोपी काढणेच सोडून दिले. आरशातला माणूस आपल्या ओळखीचा असावा ही इच्छा काही चैनीची नाही. तेव्हा लाजेचा विषय इथे संपला असे समज.

आता एक कर. उजेडात जाऊन दोन्ही अंगठ्यांची नखे नीट पाहा, आणि दुसऱ्या बोटाचे टोक नखाच्या मुळापासून शेंड्याकडे हलकेच फिरव. मुळापासून सात-आठ मिलिमीटरांवर आडवी, उथळ अशी खाच लागण्याची बरीच शक्यता आहे. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. आजार ऐन भरात असताना शरीराने ते काम जवळजवळ थांबवले होते, आणि त्या दिवसांची नोंद नखावर राहिली. केसांचेही तेच झाले आहे, फरक इतकाच की नख खाच दाखवून मोकळे होते आणि केस उशिरा हिशेब देतात.

हा उशीर समजून घेतलास तर निम्मी भीती जाईल. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. एरवी त्यांतले दहापैकी जवळपास नऊ वाढत असतात आणि उरलेला एखादा विश्रांतीत असतो. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेले वजन यांसारखा तडाखा बसला की वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे एकदमच विश्रांतीला जातात. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असते आणि ती संपली की जुना केस गळतो. म्हणून तू घरी आलास, जेवू लागलास, जिना चढू लागलास, आणि नेमके तेव्हाच उशीवर पुंजके दिसू लागले. तू लिहितोस की "बरा होत असताना पुन्हा काहीतरी बिघडते आहे." तसे नाही, साडेतीन महिन्यांपूर्वी बिघडले होते त्याची ही थकबाकी आहे. वैद्यकात याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात.

गळलेला एखादा केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघ. टोकाला बारीक, पांढरट गाठ दिसेल. ती पाहून माणूस घाबरतो की मूळच उपटून आले. खरे तर ती गाठ म्हणजे विश्रांती पुरी झालेल्या केसाची खूण आहे. ज्यातून नवा केस येतो तो कूप टाळूतच असतो, शाबूत. माझे प्रकरण वेगळे होते. केमोथेरपीने वाढत्या केसांवरच घाव घातला होता, त्यामुळे औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातच सगळे गेले, आणि उपचार संपल्यावर दीड-दोन महिन्यांत कोकराच्या लोकरीसारखे कुरळे केस उगवले, जे माझ्या घराण्यात कोणाचेच नव्हते. वर्षभराने ते सरळ झाले. हे सांगतो ते एवढ्यासाठी की "आजारानंतरचे केस गळणे" हा एक रोग नाही. माझ्या अनुभवावरून तुझे औषध ठरवू नये, आणि तुझ्यावरून तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे तर मुळीच नाही.

तू सोबत पाठवलेला केसांच्या दवाखान्याचा कागद वाचला. टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध, तेच पोटात घ्यायचे मिनॉक्सिडिल, पीआरपी नावाच्या टाळूतल्या इंजेक्शनांच्या सहा बैठका, आणि "केस, त्वचा व नखांसाठी" एक गोळी, सगळे एकत्र आणि लगेच सुरू करायचे. सगळे एकदम सुरू केले म्हणजे कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. आणि तुझ्या बाबतीत येत्या काही महिन्यांत केसगळती आपसूक थांबण्याची शक्यता मोठी असल्यामुळे त्याचे श्रेय त्या कागदाला आयते मिळेल. मला जास्त खटकले ते दुसरेच. त्या कागदावर तुझ्या आजाराचा एका ओळीनेही उल्लेख नाही. तुला काय झाले होते, हे त्यांनी विचारलेच नाही की तू सांगितले नाहीस?

त्या गोळीची गोष्ट आधी सांगतो, कारण तिने मला एकदा चांगलाच दणका दिला आहे. केस परत येईनात म्हणून अधीर होऊन मी, अशा गोळ्यांत बहुधा असते त्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ लागलो होतो, रोज 10,000 मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरते आणि ते रोजच्या जेवणातून मिळते, हे मला ठाऊक नव्हते. आणि व्हिटॅमिन हे काही औषध नव्हे, या समजुतीने मी डॉक्टरांना सांगितलेही नव्हते. नेहमीच्या तपासणीत थायरॉइडचा अहवाल असा आला की ग्रंथी अतोनात काम करते आहे. ना वजन घटले होते, ना छातीत धडधड होती, तरी औषध सुरू करण्यापर्यंत मजल गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी मला घरातली प्रत्येक डबी टेबलावर मांडायला लावली. रक्ततपासणीच्या अनेक पद्धतींत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो, त्यामुळे रक्तात ते भरमसाट असले की थायरॉइडला चालना देणारे टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसतात. गोळ्या काही दिवस बंद करून पुन्हा तपासले, तर सारे ठीक. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही हाच घोटाळा होऊ शकतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली होती. तुझ्या पुढच्या वर्षभरात रक्ततपासण्या होतच राहणार आहेत. ज्याची कमतरता क्वचितच असते त्या जीवनसत्त्वासाठी त्या तपासण्यांवर पाणी कशाला पाडायचे?

आणि "जास्त झाले तर काय बिघडले" हे तर केसांच्या बाबतीत साफ चूक. व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम ही दोन्ही अति झाली की केस गळतात. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलावरच्या प्रमाणाच्या सुमारे 200 पट सेलेनियम पडले होते. जवळपास दोनशे लोक आजारी पडले आणि त्यांतल्या बहुतेकांची एक तक्रार केस गळण्याचीच होती. जस्त फार दिवस जास्त घेतले तर शरीरातले तांबे कमी पडते आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो.

याचा अर्थ पोषणाला महत्त्व नाही असा नव्हे. तेरा किलो वजन घटलेल्या माणसाच्या शरीरापुढे आधी स्नायू भरून काढण्याचे काम आहे, आणि केस हे प्रथिनांचेच बनलेले असले तरी वाटपात त्यांचा नंबर शेवटचा लागतो. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात; मोठ्या आजारातून उठणाऱ्याला बहुधा 1.2 ते 1.5 ग्रॅम सांगतात. तुझ्या आजच्या 52 किलोंना ते दिवसाला साधारण 62 ते 78 ग्रॅम होते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, असा हिशेब मांडलास तर लक्षात येईल की हे एका जेवणात उरकण्यासारखे नाही, दिवसभरात विभागूनच घ्यावे लागेल. शिवाय एकूण अन्नच कमी पडले तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते, म्हणून पोटभर जेवण आधी, प्रथिनांची पूड नंतर. मात्र एक अट आहे. आजारात तुझे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचे रक्तातले माप, चढले होते असे तूच लिहिले आहेस. मूत्रपिंडे पूर्ववत झाली का, हे तुझ्या डॉक्टरांनी पाहून सांगेपर्यंत हा आकडा तू आपल्या मनाने गाठू नकोस.

तपासण्यांतही डोळस राहा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, गरज वाटली तर ब 12, ड आणि जस्त, एवढे डॉक्टर सांगतीलच. यातले फेरिटिन फसवे आहे. ते लोहाच्या साठ्याचे माप असले तरी शरीरात दाह असताना आपोआप वाढते. त्यामुळे नुकत्याच मोठ्या संसर्गातून उठलेल्या माणसाचे फेरिटिन "नॉर्मल" आले म्हणजे लोह पुरेसे आहेच असे नाही. दाहाचे माप असलेल्या सीआरपीसोबत ते वाचायला सांग. लोह खरोखरच कमी निघाले तर गोळ्या जरूर घे, पण चहा-कॉफीबरोबर नको, कारण त्याने लोह नीट शोषले जात नाही. कमी निघाले नाही तर घेऊ नकोस. जादा लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते टाळूवर लावून पाहिले गेले आणि 1988 मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. लावायचे औषध बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने केस उलट जास्त गळतात, गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि टकलासाठी सुरू केले तर थांबवल्यावर कमावलेले केस हळूहळू जातात. जे तीन-सहा महिन्यांत आपणहून थांबणार आहे त्यासाठी असे बंधन घ्यावे का, हा प्रश्न आहे; मी घेणार नाही. पोटातल्या गोळीबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. तिने अंगात पाणी साठू शकते, नाडी वाढते, आणि तू अजून दोन जिने चढताना धापा टाकतोस. हृदय तपासून झाल्याशिवाय आणि आजारात तुझ्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय ती गोळी तोंडात घालू नकोस.

पीआरपीत आपलेच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचतात. वंशपरंपरेच्या टकलात काहींना त्याचा उपयोग होतो. तुझ्या प्रकारच्या गळतीत तो होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि रक्तक्षयाच्या काठावर असलेल्या माणसाला सहा बैठकांची घाई कसली? केशरोपणाचा तर आज विचारही नको.

एक शक्यता मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुझ्या वडिलांचे कपाळ लवकर मोठे झाले होते, हे मी पाहिले आहे. सुप्त असलेला वंशपरंपरेचा विरळपणा अशा गळतीनंतर उघडा पडतो असे पुष्कळदा होते. गळणे थांबून वर्ष झाले आणि बाकी डोके भरले, पण भांगाच्या दोन्ही बाजू आणि माथा तसाच राहिला, तर तो वेगळा प्रश्न समज. तेव्हा लावायचे मिनॉक्सिडिल किंवा पुरुषांच्या टकलावरची गोळी फिनास्टेराइड यांचा विचार करता येईल. फिनास्टेराइडने काहींची कामेच्छा घटते, काहींचे मन खिन्न होते, आणि आजारानंतर तुझी झोप व मन कसे आहे हे पाहूनच तो निर्णय व्हावा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला मात्र वर्षभर थांबू नकोस, याच महिन्यात जा. जाताना डिस्चार्जचा कागद आणि तिथे दिलेल्या सर्व औषधांची यादी ने. रक्त पातळ ठेवण्यासाठी दिलेले हेपारिन आणि रक्तदाब व हृदयासाठीची काही बीटा ब्लॉकर औषधेही केस गळवतात, आणि हे यादीवाचून कोणाच्या ध्यानात येणार नाही. गोल चकत्या पडल्या, भुवया विरळ झाल्या, टाळू लाल होऊन आग होऊ लागली किंवा तिच्यावर चट्टे धरले, तर तेवढीही वाट पाहू नकोस. रोज पडलेले केस मोजणे आजपासून बंद. त्याऐवजी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, कोरड्या केसांचा एक फोटो काढ. नवा केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे डोके पुन्हा भरल्यासारखे दिसायला वर्ष-दीड वर्ष लागेल, पण कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड, हट्टी केस त्याच्या पुष्कळ आधी दिसतील.

नखावरची ती खाच दोन-तीन महिन्यांत शेंड्याला पोचेल. ती नेलकटरने कापशील त्या दिवशी आरशासमोर उभा राहा, केस मागे सार आणि कपाळाच्या कडेला काय दिसते ते मला लिही.

तुझा,
सर