गणिताच्या तासाला टेक्नॉलॉजी वापरायची तर सुरुवात कुठून करायची

मॅडम, तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं खडू-फळ्यावर गणित शिकवलं, आता वर्गात मोठी स्क्रीन लागलीय, ट्रेनिंगही झालं पण त्यात कुठलं बटण कुठे यापलीकडे काही हाती लागलं नाही, मुलं तुमच्यापेक्षा पटापट सगळं चालवतात म्हणून त्यांच्यासमोर हात आखडतो, आणि या सगळ्यात हाताने गणित सोडवायची सवयच जाईल अशी धास्ती आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. उत्तर जरा लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी त्या बटणांचं बघू. ट्रेनिंगमधून काही मिळालं नाही यात तुमचा काही दोष नाही. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ साली मांडलं होतं की विषय येणं वेगळं, शिकवायची पद्धत माहीत असणं वेगळं आणि या दोन्हींतून तयार होणारं शिक्षकाचं म्हणून एक ज्ञान असतं ते आणखी वेगळं. म्हणजे अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळी होतात हे आधीच ओळखून त्यावर नेमकं उदाहरण काढणं, ते हे ज्ञान. पुढे २००६ मधे पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी त्यात टेक्नॉलॉजी जोडली आणि सांगितलं की विषय, शिकवणं आणि टेक्नॉलॉजी ही तिन्ही एकमेकांत मिसळली तरच उपयोग. नुसती बटणं शिकवणारं ट्रेनिंग नेमकं इथेच कमी पडतं. तुमच्याकडे यातली पहिली दोन आहेतच, तीही मुरलेली, आणि ती मिळायलाच वर्षं लागतात. तिसरं त्यामानाने लवकर जमतं.

माझा सल्ला असा: एक टूल घ्या, एक धडा घ्या आणि त्या धड्यातला एकच असा प्रश्न शोधा जो फळ्यावर नीट विचारताच येत नाही. आणि एक नियम कधीच मोडू नका, स्क्रीनवर काहीही हलवायच्या आधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलेला किंवा काढलेला असला पाहिजे. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. अंदाज नसेल तर मुलं फक्त बघतात, छान छान म्हणतात आणि विसरतात, अंदाज केलेला असेल तर आपलं बरोबर आलं का हे बघायला अख्खा वर्ग पुढे सरकतो.

टूल म्हणाल तर भूमिती आणि आलेख दोन्हीसाठी जिओजेब्रा घ्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मधे साल्झबुर्ग विद्यापीठात आपल्या प्रबंधासाठी ते सुरू केलं, वर्गात वापरायला फुकट आहे, आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट नसलं तरी चालतं, हे फार महत्त्वाचं कारण तासाच्या वेळी नेट हमखास रुसतं. फक्त आलेखच हवे असतील तर डेसमॉस आणखी सोपं आहे, समीकरण टाईप करा की आलेख हजर. दोन्ही एकदम शिकायला बसू नका.

आता एक उदाहरण नीट बघू, कारण "अंदाज घ्या" म्हणणं सोपं असतं. वर्गसमीकरणाचे आलेख शिकवताना वाय बरोबर एक्स वर्ग अधिक बीएक्स अधिक एक असं समीकरण घ्या आणि बी साठी स्लायडर, म्हणजे बी ची किंमत कमी-जास्त करणारी सरकपट्टी, ठेवा. स्लायडर हलवायचा नाही. आधी विचारा, बी वाढवला तर हा अन्वस्त (पॅराबोला, वाटीसारखा आलेख) कुठे जाईल? बहुतेक मुलं म्हणतील डावी-उजवीकडे सरकेल, काही म्हणतील अरुंद होईल, एखादा म्हणेल तिरका होईल. वहीत काढायला लावा, हात वर करून मतं मोजा, बाजूच्याला पटवून द्यायला सांगा. मग अगदी हळू हलवा. आलेख सरकतो पण नुसता बाजूला नाही, तो खालीही जातो, बी ऋण केला की दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली, आणि वाय अक्षावर एकच्या जागी मात्र खिळल्यासारखा राहतो. तो तिथेच का राहतो हे विचारलंत की कोणीतरी एक्सच्या जागी शून्य घालून बघतंच. मग शिरोबिंदूवर, म्हणजे आलेखाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर, लक्ष द्यायला सांगा आणि स्क्रीन बंद करा. हो, बंदच करा, आणि वहीत तक्ता करायला लावा. बी शून्य असताना शिरोबिंदू (०, १), बी दोन असताना (-१, ०), चार असताना (-२, -३), उणे दोन असताना (१, ०), उणे चार असताना (२, -३). हे पाच बिंदू आलेख कागदावर मांडले की मुलांनाच दिसतं, शिरोबिंदू स्वतः एका उलट्या अन्वस्तावरून फिरतोय, वाय बरोबर एक उणे एक्स वर्ग. आता स्क्रीन चालू करून शिरोबिंदूचा ट्रेस (त्याची वाट उमटवत जाणारी सोय) लावा आणि स्लायडर फिरवा, मुलांनी काढलेलीच वक्ररेषा तिथे उमटते. शेवटी पूर्ण वर्ग करून हे सिद्ध करायचं, फळ्यावर, खडूने. यात हाताचं गणित कुठे कमी झालं? उलट पूर्ण वर्ग कशासाठी करायचा हे त्यांना पहिल्यांदा कळलेलं असतं.

भूमितीत पण हेच. कुठलाही वाकडातिकडा चौकोन काढा, बाजूंचे मध्यबिंदू जोडा, आतला चौकोन समांतरभुजच येतो, हा वॅरिन्यॉनचा प्रमेय, १७३१ मधे छापला गेलेला. फळ्यावर तुम्ही एक आकृती काढता आणि मुलांना वाटतं मॅडमनी मुद्दाम तशी काढलीय. जिओजेब्रात एक कोपरा धरून ओढा, चौकोन आत दुमडेपर्यंत ओढा, आतला समांतरभुजच राहतो, तेव्हा वर्गातून "पण का?" असा आवाज येतो. आपल्याला तो "का" हवा असतो. मग एक कर्ण काढायचा, मध्यबिंदूंचा प्रमेय लावायचा, दोन ओळीत सिद्धता.

याच्याच जोडीला ओढून बघायची कसोटी जरूर घ्या. मुलांना चौरस काढायला सांगा. अर्धी मुलं नजरेने चार बिंदू ठेवून झक्क चौरस करतात. एक बिंदू ओढला की त्याचा काहीही आकार होतो. ज्याने एक रेषाखंड घेऊन टोकाला लंब काढला, वर्तुळाने तेवढंच अंतर घेतलं, त्याचा चौरस कितीही ओढा, लहान-मोठा होईल, फिरेल, पण चौरसच राहील. दिसायला चौरस असणं आणि अटींनी चौरस असणं यातला फरक मी कित्येक वर्षं तोंडी सांगत होतो, तो मुलांना एका ओढण्यात समजतो.

इथे एक काळजी घ्यायची. ओढून शंभर वेळा बरोबर आलं म्हणजे सिद्ध झालं असं मुलांना वाटायला लागतं, आणि ही सवय सिद्धतेच्या मुळावर येते. त्यावर माझा आवडता उतारा म्हणजे ऑयलर या गणितज्ञाचं १७७२ मधलं सूत्र, एन वर्ग अधिक एन अधिक ४१. स्प्रेडशीटमधे एका कॉलममधे ० पासून आकडे टाका, बाजूला सूत्र, खाली ओढा. ४१, ४३, ४७, ५३, सगळ्या मूळ संख्या, एन ३९ होईपर्यंत एकही चुकत नाही. मुलं पैजेवर सांगतात की नेहमीच मूळ येणार. एन ४० ला १६८१ येतं, म्हणजे ४१ गुणिले ४१. हे एकदा बघितलेलं मूल पुन्हा "खूप वेळा आलं म्हणजे सिद्ध" असं सहज म्हणत नाही.

स्प्रेडशीटबद्दल बोलायचं तर गणित शिक्षक त्याचा उपयोग फक्त मार्क भरायला करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. संभाव्यता घ्या. आधी खरी नाणी उडवा, प्रत्येकाने दहा वेळा, आणि वर्गाचे छापे मोजा. मग स्प्रेडशीटमधल्या रँडबिटवीन या फंक्शनने ० किंवा १ असे आकडे पाडून दहा हजार वेळा नाणं उडवा आणि काउंटिफ या फंक्शनने छापे मोजा. त्याआधी विचारा, जास्त वेळा उडवलं की छापे निम्म्याच्या जवळ येतील ना, म्हणजे निम्म्यापासूनचा फरक कमी होईल ना? सगळे हो म्हणतात. शंभर वेळेला साधारण पाच इकडेतिकडे होतात, दहा हजाराला साधारण पन्नास, म्हणजे आकड्यात फरक वाढला पण टक्क्यात पाचवरून अर्ध्यावर आला. "ओळीने पाच काटे पडले, आता छापा पडायलाच पाहिजे" हा मोठ्या माणसांच्याही डोक्यात पक्का बसलेला गैरसमज यातून हलतो, नाण्याला मागचं काही आठवत नसतं, मागचा फरक नुसता मोठ्या संख्येत बुडून जातो.

आता एक गोष्ट जी ट्रेनिंगमधे कोणी सांगत नाही. मशीन पण फसवतं, आणि ते जिथे फसवतं तिथेच सुंदर तास होतो. त्रिकोणाचे कोन पूर्ण अंशात दाखवायला लावा आणि बेरीज मुलांना करायला सांगा, मधेच १७९ किंवा १८१ येईल, कारण प्रत्येक कोन वेगळा पूर्णांकात आणलेला असतो. दोन अक्षांची प्रमाणं वेगळी झाली की वर्तुळ चपटं दिसतं आणि लंब रेषा लंब दिसत नाहीत. बहुतेक स्प्रेडशीटमधे =-2^2 टाईप केलं तर उत्तर ४ येतं, तेच जिओजेब्रात -४, आणि आपण गणितात लिहितो त्याप्रमाणे -४ च बरोबर. एक अधिक एक भागिले एन, या सगळ्याचा एनवा घात, हे एन वाढवत नेलं की २.७१८२८ कडे जातं असं आपण शिकवतो, स्प्रेडशीटमधे एन एकावर पंधरा शून्य एवढा घ्या, उत्तर तीनच्या वर जातं, सोळा शून्य घ्या, थेट १ येतो. मशीन साधारण पंधरा-सोळा अंकच धरून ठेवतं, त्यापुढचं गळून पडतं. मुलांना सांगा, स्क्रीनवर आलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं. हे शिकलेल्या मुलाच्या हाताची सवय जायची भीती मला वाटत नाही.

मुलं तुमच्यापेक्षा पटापट चालवतात ना, मग चालवू द्या. माउस एका मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही वर्गाच्या मागे जाऊन उभ्या रहा. तिथून प्रश्न विचारा, "अजून थोडं डावीकडे घे, थांब, आता कोण सांगेल?" फळ्याकडे पाठ करून लिहिताना जे चेहरे दिसत नाहीत ते सगळे दिसतात. पण चालवणारा दर वेळी तोच हुशार मुलगा नको, आणि मुली मागे बसून नुसत्या बघतायत असं होऊ देऊ नका, याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

गृहपाठाचं तुम्ही विचारलं नाहीत पण तो प्रश्न येणारच. फोटो काढला की पायऱ्यांसकट गणित सोडवून देणारी ॲप आता मुलांकडे असतात, फोटोमॅथ २०१४ पासून आहे, त्यात आता एआयची भर. बंदी घालून काही होत नाही. प्रश्न बदलावे लागतात. "सोडवा" च्या ऐवजी दोन सोडवलेली उदाहरणं द्या, एकात चूक, ती शोधून का चूक ते लिहा. किंवा उत्तर द्या आणि ते उत्तर येईल अशी तीन वेगळी समीकरणं मागा. एआयकडून तुम्ही स्वतः सरावाची उदाहरणं बनवून घ्यायला हरकत नाही, वेळ खूप वाचतो, पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून मगच वर्गात न्या, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतं.

बाकी बारीकसारीक. फाईल घरून तयार करून पेन ड्राइव्हवर न्या, वर्गात मुलांसमोर बनवत बसलात की तास जातो. अक्षर मोठं ठेवा, शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघा. पिवळी आणि फिकट हिरवी रेषा प्रोजेक्टरवर दिसत नाही. लाईट गेली तर तोच प्रश्न फळ्यावर कसा विचारायचा हे आधीच ठरवून ठेवा. आणि रोज स्क्रीन लावायलाच पाहिजे असं अजिबात नाही, लांब भागाकाराला किंवा समीकरण सोडवण्याच्या सरावाला वही-पेनच चांगलं, मी तिथे स्क्रीन लावतच नाही.

पुढच्या महिन्यात कुठला धडा घेणार आहात ते लिहा. त्रिकोणाचं परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू) असेल तर शिरोबिंदू ओढून ते आतून बाहेर कधी जातं यावर फार छान प्रश्न बांधता येतो, माझ्याकडे फाईल तयार आहे, ती देतो. दुसरं काही असेल तर प्रश्न काय ठेवायचा ते आपण मिळून ठरवू, बटणांचं मग बघता येईल.