बेताचा पगार आणि दोन दरवाज्यांची गाडी

"पगार बेताचाच आहे, पण एका गाडीचं वेड डोक्यातून जात नाही. घ्यावी की सोडून द्यावी?" समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत क्वचितच येतो. लोक येतात ते "घरात खूप कटकट चालू आहे" म्हणून, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्या कटकटीच्या तळाशी एखादी महागडी वस्तू निघते. बुलेट असते, आयफोन असतो. या वेळी स्पोर्ट्स कार होती.

नवरा-बायको दोघंही नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत एकत्र आले होते. नवरा घरातला धाकटा मुलगा, म्हणून इथेही त्याला धाकटाच म्हणते. दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. धाकटा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. हातात येणारा पगार ४६,०००. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचे १७,०००. वडिलांचं मानेवाड्यात छोटं किराणा दुकान, घर त्यांचंच, त्यामुळे भाडं नाही. थोरला भाऊ पुण्यात, चांगल्या पगारावर, मागच्याच दिवाळीत नवी एसयूव्ही घेऊन आलेला.

धाकट्याला हवी होती २०१२ ची ऑडी टीटी. दिल्लीत विकायला होती, मालक साडेचौदा लाख मागत होता. नवी होती तेव्हा हीच गाडी चाळीस लाखांच्या वर होती, हे धाकट्याने मला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा सांगितलं.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मला गाडीचा राग नाही. हे लपवून करून राहिले होते, त्याचा राग आहे." तिला कळलं होतं ते मोबाइलवर आलेल्या बँकेच्या एका मेसेजमुळे. सोनेतारण कर्जाची चौकशी, आणि सोनं तिचं, माहेराहून आलेलं.

असं जोडपं समोर आलं की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: भावाशी बरोबरी, दिखावा. धाकट्याच्या वडिलांनी तेच केलं होतं, बायकोलाही मनातून तेच वाटत होतं. खरं असेलही, पण तपासून पाहिल्याशिवाय मी ते गृहीत धरत नाही. मी धाकट्याला विचारलं, "समजा गाडी मिळाली, पण अट अशी की वर्षभर कुणाला दाखवायची नाही. फोटो नाही, स्टेटस नाही, फुटाळा तलावावर न्यायची नाही, भावाला सांगायचंही नाही. तरी घेशील?"

तो थांबला. मग म्हणाला, "हो, घेईन." आणि कसं ते सांगायला लागला. पहाटे पाचला उठून रिकाम्या रस्त्यावर काढीन. वळणावर गाडी कशी बसते ते बघीन. रविवारी बॉनेट उघडून बसेन. डिप्लोमाला असताना मित्रांबरोबर गो-कार्ट बनवली होती, तिचं स्टिअरिंग कसं जुळवलं ते त्याने कागदावर काढून दाखवलं. बायको त्या कागदाकडे पाहत राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ही गो-कार्ट तिने पहिल्यांदा ऐकली होती.

भावाचा विषय नव्हताच असं नाही. एसयूव्ही दारात लागली त्या दिवशी शेजारी जे बोलले, ते त्याला लागलं होतं, हे त्याने पुढच्या भेटीत एकट्याने सांगितलं. पण ती ठेच ताजी होती आणि गाडीचं प्रेम सोळा-सतराव्या वर्षापासूनचं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. त्यातल्या एकीकडे बोट दाखवून दुसरी खोटी ठरवली, तर तो माणूस आपल्याशी बोलणं बंद करतो आणि परत बँकेच्या मेसेजांकडे वळतो.

इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. आपल्याकडे लग्नासाठी कर्ज काढताना कुणी खाली मान घालत नाही. एका संध्याकाळच्या लॉनसाठी, डेकोरेशनसाठी, पाचशे पानांसाठी माणसं पाच-पाच वर्षं हप्ते भरतात आणि त्याला कर्तव्य म्हणतात. तेवढ्याच पैशाची स्वतःची एखादी आवड असेल तर मात्र ती थेर ठरते. म्हणून लोक आवड लपवतात. आणि आवड लपवली की तिचा हिशेबही उघड्यावर होत नाही. तो रात्री एकट्याने मोबाइलवर होतो, आणि त्यात आपल्याला हवं तेच उत्तर येतं.

म्हणून मी दोघांना म्हटलं, हिशेब इथे करू, तिघांनी मिळून.

धाकट्याच्या हिशेबात फक्त किंमत होती. साडेचार लाखांची एफडी मोडायची आणि दहा लाख कर्ज. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा वाहन कर्ज देत नाहीत, म्हणून पर्सनल लोन. १४ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे २३,२७० रुपये होतो, आणि पाच वर्षांत दहा लाखांचे जवळपास चौदा लाख भरावे लागतात. हप्ता कमी बसावा म्हणूनच सोन्याचा विचार आला होता. दोघांचे मिळून ६३,०००, घरखर्च, विमा, आई-वडिलांची औषधं धरून ३८,०००. उरतात २५,०००. हप्ता गेला की सतराशेच्या आसपास.

मग मी विचारलं, गाडी नागपूरला आल्यावर काय काय लागेल? हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, त्याने फक्त कधी एका कागदावर लिहिलं नव्हतं. लिहायला बायकोने घेतलं. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार, म्हणजे फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण. आयात केलेल्या चारचाकीसाठी नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० केली गेली. दिल्लीत जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांच्या धास्तीने मालक पंधरा वर्षं भरायच्या आधीच गाड्या विकून टाकत होते. गाडी स्वस्त दिसते त्याचं एक कारण हे. १५०० सीसीच्या वर असल्याने नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता सुट्या भागांची भरपाई देणारा विमा, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर दर साठेक हजार किलोमीटरला. चार रुंद टायर.

मग धाकटा स्वतःच म्हणाला, "मॅडम, गाडीची किंमत उतरली, पार्टची नाही उतरली." चाळीस लाखांची गाडी साडेचौदा लाखांना मिळते, पण तिचा सस्पेन्शन आर्म किंवा हेडलाइट बिघडला तर बिल चाळीस लाखांच्या गाडीचंच येतं. जुन्या महागड्या गाडीच्या मोहात पडलेल्या प्रत्येकाने हे एक वाक्य आधी नीट ऐकावं असं मला वाटतं.

बायकोने आणखी एक विचारलं: ठेवायची कुठे? घराला आवार नाही, गाडी रस्त्यावर. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कुणी विसरलेलं नाही. नाग नदी आणि अंबाझरीचं पाणी वस्त्यांत घुसलं, दारातल्या गाड्या बुडाल्या. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि ही गाडी तर जमिनीला टेकलेली.

"आणि समृद्धीवर?" मी विचारलं. तो हसला. "तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. दादाची गाडीबी तेवढीच धावते."

या टप्प्यावर "मग नको घेऊ" म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. कागदावरचं नाही म्हणजे मनातलं नाही नव्हे. तसं सोडलं तर सहा महिन्यांनी दुसरी जाहिरात दिसते आणि पुन्हा लपवाछपवी सुरू होते. मी त्यांना एक प्रयोग दिला. गाडी घेतलीच आहे असं समजा. दर महिन्याच्या पाच तारखेला २३,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका, जानेवारीपासून जूनपर्यंत. खातं दोघांच्या नावावर. एफडीला हात लावायचा नाही आणि सोन्याचं नावही काढायचं नाही. पैसे काढावे लागले तर का काढले ते वहीत लिहायचं, दोष न देता.

हा प्रयोग मी बऱ्याच जोडप्यांना देते. हप्ता झेपतो की नाही हे मनाला विचारून कळत नाही, पाच तारीख आली की कळतं.

जानेवारी ते एप्रिल त्यांनी सगळे पैसे भरले. धाकट्याने ओव्हरटाइम घेतला, बाहेरचं खाणं बंद केलं. एप्रिलमध्ये तो जरा विजयी चेहऱ्यानेच आला होता. बायको म्हणाली, "भरले, पण चार महिन्यांत आम्ही दोघं एकदाही कुठे गेलो नाही. हे रविवारी पण कारखान्यात." तो गप्प झाला. ज्या रविवारी बॉनेट उघडून बसायचं होतं, ते रविवार हप्त्यासाठी विकले गेले होते. हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं, माझ्याही कागदावर नव्हतं.

मे महिन्यात जुना एसी बंद पडला. नागपूरच्या मेमध्ये घरात म्हातारी माणसं असताना तो पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. त्या महिन्यात खात्यात ८,००० गेले. वहीत बायकोने लिहिलं होतं: एसी, वीजबिल. खाली धाकट्याने लिहिलं होतं: बँक थांबली नसती.

टीटीचा विषय त्याने स्वतः संपवला. जूनमध्ये पूर्ण भरून खात्यात सव्वा लाखाच्या जवळ रक्कम होती, आणि खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला: तिचं काय करायचं? धाकट्याच्या वडिलांचं मत एफडी. बायको म्हणाली, ज्याच्यासाठी साठवले त्यातलं थोडं त्यावरच जावं. चेन्नईजवळ आणि कोइमतूरला रेसिंग ट्रॅक आहेत, तिथे गाडी चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं, हे धाकट्याला कधीपासून माहीत होतं. पैसे मागायची लाज वाटत होती. जुलैमध्ये तो रेल्वेने चेन्नईला जाऊन दोन दिवस ट्रॅकवर चालवून आला. परतल्यावर त्याने मला फोनवर अर्धा तास फक्त ब्रेकिंगबद्दल सांगितलं.

खातं चालू आहे, पण आता महिन्याला दहा हजार, आणि रविवारचा ओव्हरटाइम बंद. चार-पाच वर्षांची, मॅन्युअल गिअरची, टर्बो पेट्रोल हॅचबॅक ते शोधताहेत. नोंदणी महाराष्ट्राचीच हवी, आणि कर्ज लागलंच तर दोन वर्षांत फिटेल एवढंच. बायकोने दोन अटी घातल्या आहेत. विकणाऱ्याशी बोलताना ती सोबत असणार, आणि त्या गाडीवर आधी ती चालवायला शिकणार. दुसऱ्या अटीवर धाकटा अजून घासाघीस करून राहिला आहे.