मेंदूज्वरानंतर ऐकू कमी येतंय, अशक्तपणा समजून थांबू नका

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही खानापूर तालुक्यातले. आमच्या ह्यांना (वय ४४) थंडीताप आला, डोकं ठणकायला लागलं, मान खाली वाकेना, दुसऱ्या दिवशी काहीबाही बडबडायला लागले म्हणून बेळगावला नेलं, तिथं पाठीतलं पाणी काढून मेंदूज्वर सांगितला. एक फिटपण आली. उजवा कान लहानपणापासून वाहतोय. घरी येऊन तीन आठवडे झाले, आता टीव्ही मोठ्ठा लावतात, अंधारात भिंत धरून चालतात, दुकानाची उधारीची वही घेऊन बसतात पण बेरीज जमत नाही, मग चिडतात. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, भरून येईल. जाऊबाई म्हणतात स्टिरॉइड दिल्यामुळं झालं. खरं काय?

उत्तर: ताई, आधी कान, आणि तो याच आठवड्यात. बॅक्टेरियाच्या मेंदूज्वरात सूज आतल्या कानापर्यंत जाते, तिथं ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा शेजारीशेजारीच असते, म्हणून ऐकू कमी येणं आणि अंधारात झोक जाणं ही दोन्ही एकाच जागची दुखणी असू शकतात. घाई यासाठी, की काही जणांत आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या पोकळीत हाड भरायला लागतं, आणि ऐकू अगदीच येईनासं झालं तर कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशननं आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवायला जागाच उरत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, डिस्चार्जनंतर ४ आठवड्यांच्या आत व्हायला पाहिजे, तुमचे तीन गेलेत.

स्टिरॉइडला दोष देऊ नका. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी किंवा सोबत देतात ते ऐकणं वाचावं म्हणूनच, तरी प्रत्येकाचं वाचतंच असं नाही. वाहणारा कान मात्र ईएनटीकडं दाखवाच, जंतू तिथूनच शिरले असतील तर परत शिरतील. मोठ्या माणसांत हा आजार जास्त करून न्यूमोकोकस नावाच्या बॅक्टेरियामुळं होतो, त्याची लस आहे, तीही विचारा.

बेरीज न जमणं हा आळस नाही हो, मेंदूचा वेग मंदावलाय, त्यांना स्वतःलाही ते कळतंय म्हणूनच चिडतात. वही तुम्ही सांभाळा, पण एकदोन सोपी खाती त्यांच्याकडं असू द्या, सुधारायला महिने लागतात आणि काहींत थोडं कायमचं राहतं. फिटच्या गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाईक नको.

परत ताप, वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, फिट, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या. मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, नाहीतर रक्ताची नळी बंद झालेली. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट सोबत घ्या.