सराफा, सिटीबस आणि आत्याबाई

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडवेली झालीस, म्हणून हे लिहून कळवतो. ऑफिसात तुला ‘कंजूस’ म्हणतात, आणि आत्या चारचौघांत म्हणाली, “एवढा पगार, आणि पोरगी सिटीबसने हिंडते.” ती माझीच बहीण. पैठणीची किंमत सांगितल्याशिवाय तिला घास उतरत नाही. तिचं सोडून दे.

ऑफिसातल्यांना मात्र तू हिशेब समजावत बसतेस, ते बंद कर. हिशेब दिला की तो तपासायचा हक्कही दिल्यासारखाच. पीपीएफच्या सरकारी बचत खात्यात महिन्याला 5000 टाकतेस, तेही पाच तारखेच्या आत, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. आजचा 7.1 टक्के दर टिकला तर 15 वर्षांत 9 लाखांचे पावणेसोळा लाखांच्या आसपास होतील. हे तुला ठाऊक आहे तेवढं पुरे. (शिवाय गाठीला पैसे आहेत हे कळलं की उसने मागणारे आधी उगवतात.)

त्यांच्याबरोबर सराफ्याला, तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं टाळायला “पोट बिघडलंय” म्हणतेस, तेही नको. इंदुरात राहून दर शनिवारी पोट बिघडतं यावर कोण विश्वास ठेवेल? सरळ सांग, “महिन्यातून एकदा येईन.” टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) आहे की कुणाची पार्टी, ते निघतानाच विचारून घे. आणि गेलीस की गराडू खा, भुट्ट्याचा कीस खा, भाव बघत उभी राहू नकोस. सोबत येऊन हात आखडणाऱ्यापेक्षा न आलेला माणूस लोकांना परवडतो.

आता जरा कडू. संध्याकाळी मैत्रीण तुला स्कूटरवरून घरी सोडते, आणि पेट्रोलचा विषय तू कधी काढला नाहीस, असं बोलता बोलता तूच सांगून गेलीस. इथे लोक चुकत नाहीत. स्वतःच्या गरजा कमी करून वाचवलेला पैसा तुझा. हा तिच्या पर्समधून वाचलेला आहे. अहिल्याबाईंची आठवण आपण देवळा-घाटांपुरतीच काढतो. काशीविश्वेश्वराचं देऊळ त्यांनी 1780 साली बांधलं. पण असल्या दानधर्माचा खर्च होळकरांच्या खासगीतून होई. ती राणीच्या हक्काची वेगळी मिळकत. राज्याची तिजोरी वेगळी. पैसा कुणाचा, हा प्रश्न त्या आधी सोडवत. मला त्यांच्या साधेपणापेक्षा हे मोठं वाटतं, आणि तुझ्या बाबतीतही मी आधी तेच बघेन. बसने जा, जुने कपडे वापर, खजुरी बाजारातली जुनी पुस्तकं घे. कुणी हसलं तर हसू दे. दुसऱ्याच्या खिशाला चाट बसत असेल, तर टोमणा ऐकून घ्यावा.

मैत्रिणीला “किती झाले?” असं विचारू नकोस, ती “राहू दे गं” म्हणेल. उद्या वाटेत पंपावर थांबव आणि टाकी भरून दे.

तुझा,
काका