वाचकांचे प्रश्न: माईच्या लँडलाइनवरून माझा मोबाइल का लागत नाही?

या वेळच्या टपालात फोनचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून हा अंक फोनलाच देतो, बाकीच्यांनी जरा कळ काढा.

प्रश्न (फोंडा): आमची माई ऐंशीची आहे. मधली काही वर्षं बेळगावला बहिणीकडे होती, आता हट्टाने परत आपल्या घरी येऊन राहिलीय. लँडलाइन आम्ही चालू ठेवलेला, २०१९ मध्ये मीच त्याच्या पहिल्या बटणावर माझा मोबाइल सेव्ह करून दिलेला. आता बटण दाबलं की कोणीतरी बाई काहीतरी बोलते आणि फोन कट. मी मोबाइलवरून केला तर मात्र व्यवस्थित लागतो. फोन बिघडलाय का? नवीन घेऊ?

उत्तर: घेऊ नका, फोन चांगला आहे. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावं लागतं, मोबाइल शेजारच्या घरातला असला तरी. तुमचं बटण २०१९ चं, त्यात शून्य नाही, आणि ती बाई तेवढंच सांगतेय की आधी शून्य लावा, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ते भराभर बोललेलं रेकॉर्डिंग काय कळणार.

हे का केलं तेही सांगतो. लँडलाइनचं एक्सचेंज तुम्ही दाबलेला एकेक आकडा ऐकत जातं आणि पहिल्याच एक-दोन आकड्यांवरून ठरवतं की कॉल गावातला, परगावचा की मोबाइलचा. आपले बीएसएनएलचे लँडलाइन नंबर २ ने सुरू होतात, दुसऱ्या कंपन्यांचे ३, ४, ६ ने, त्यामुळे हे आकडे मोबाइलला मोकळेपणाने देता येत नव्हते, एक्सचेंजचा गोंधळ झाला असता. मोबाइलच्या आधी शून्य सक्तीचं केल्यावर दोघांची वाट वेगळी झाली आणि ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या हिशोबाने २५४ कोटींच्या वर नवीन नंबर मोकळे झाले. मोबाइलवरून मोबाइल, मोबाइलवरून लँडलाइन, लँडलाइनवरून लँडलाइन, यातलं काहीच तेव्हा बदललं नाही, म्हणून तुमचा तिला लागतो आणि तिचा तुम्हाला लागत नाही.

तेव्हा या रविवारी जा, बटणावरचा जुना नंबर पुसा आणि शून्यासकट परत भरा. फोनजवळ भिंतीवर कालनिर्णयच्या खाली नंबरांचा कागद चिकटवलेला असणार, आपल्याकडे प्रत्येक घरात असतो, त्यावर मोबाइलच्या प्रत्येक नंबरापुढे जाड पेनाने शून्य काढा, डॉक्टरचा, गॅसवाल्याचा, शेजारच्या मुलाचा, एकही सोडू नका. मग बटण तुम्ही दाबू नका, माईला दाबू द्या, तिच्या हातून तुमचा फोन वाजला की काम झालं. तरी नाही लागला तर लाइनवर एसटीडी लॉक आहे का बघा, बिल वाढू नये म्हणून पूर्वी पुष्कळांनी शून्यच बंद करून घेतलेलं. कंपनीला सांगून उघडून घ्या, सगळ्या लँडलाइन ग्राहकांना शून्याची सोय द्या असं कंपन्यांना तेव्हाच सांगितलेलं आहे. ऑफिसात किंवा हॉटेलात ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या फोनांचं स्वतःचं छोटं एक्सचेंज, असेल तर बाहेरची लाइन घ्यायला एक शून्य आणि मोबाइलसाठी दुसरं, म्हणजे दोनदा दाबायचं.

माझ्या आत्याच्या घरी हेच झालेलं, ती आठ दिवस समजत होती की आम्ही मुद्दाम फोन उचलत नाही. म्हणून इतकं लांबण लावून लिहिलं.

प्रश्न (साखळी): गोव्यातल्या गोव्यात लँडलाइनला पण आता ०८३२ लावायला लागणार असा मेसेज फिरतोय. खरं का? मग नंबर बदलणार का?

उत्तर: मेसेज अर्धा खरा. ६ फेब्रुवारी २०२५ ला ट्रायने शिफारस केली की लँडलाइनवरून लँडलाइनला गावातल्या गावात लावतानाही शून्य, मग एसटीडी कोड, मग नंबर असं पूर्ण डायल करायचं. ट्राय शिफारस करतं, ठरवतं दूरसंचार विभाग, त्यामुळे तुमच्या कंपनीची सूचना हातात येईपर्यंत नेहमीसारखा सात आकडीच लावा. आणि लागू झालं तरी नंबर तोच राहतो. ८३२ आणि पुढचे सात मिळून दहा होतात, मोबाइलवरून आपण असेच तर लावतो.

आपल्या पिढीने याहून मोठे बदल पाहिलेत. मडगावचा कोड ०८३४ होता आणि पणजीचा ०८३२, म्हणजे पणजीहून मडगावला लावायचं तर कोड फिरवावा लागायचा, आता सगळा गोवा ०८३२ वर आहे. नंतर सहा आकडी नंबरांपुढे २ लागला, म्हणून मडगावचे नंबर २७ ने सुरू होतात आणि वास्कोचे २५ ने. मधे काही वर्षं सावंतवाडी-कुडाळला लावताना शून्याच्या जागी ९५ लावायचो, ते किती जणांना आठवतंय? बाजारात अजून एखादा सहा आकडी बोर्ड दिसतो, त्या दुकानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पुढे २ रंगवून घ्या, गिऱ्हाईक खरंच तो नंबर लावून बघतं.

प्रश्न (म्हापसा): मुलगी टोरांटोला शिकायला गेली. तिथून ९४२ वाल्या नंबरावरून दोनदा फोन आला, टोरांटोचा कोड ४१६ हे मला माहीत, म्हणून फ्रॉड समजून घेतला नाही. नंतर ती रडत म्हणाली, बाबा मीच होते.

उत्तर: तिला आधी सांगा की चूक तुमची नव्हती. टोरांटोचा मूळ कोड ४१६ च, पण नंबर संपत आले म्हणून १९९३ मध्ये शहराबाहेरचा भाग तोडून त्याला ९०५ दिला. तसं केलं की त्या भागातल्या प्रत्येक घराचा, दुकानाचा कोड बदलतो, पाट्या-कार्डं सगळी नव्याने छापा. म्हणून पुढे त्यांनी दुसरी रीत घेतली, जुना कोड तसाच ठेवून त्याच शहरावर नवीन कोड चढवायचा. २००१ मध्ये ६४७ आला, २०१३ मध्ये ४३७ आणि २०२५ मध्ये ९४२. जुन्या लोकांचा नंबर हलत नाही, नवीन कनेक्शन घेणाऱ्याला नवा कोड मिळू शकतो, तुमच्या मुलीचं तेच झालंय. मला ही रीत जास्त बरी वाटते. फक्त एकाच गल्लीत दोन-तीन कोड झाले की नुसते सात आकडे लावून भागत नाही, म्हणून २००१ पासून तिथे शेजाऱ्यालाही दहा आकडे लावतात. कॉल लोकल तो लोकलच राहतो, त्याने पैसे वाढत नाहीत.

तुमच्या बाजूने काहीच बदलत नाही, आपण इथून आधीपासून ००१ लावून पूर्ण दहा आकडेच लावतो. तिचा नंबर +१ सकट नावाने सेव्ह करा म्हणजे स्क्रीनवर नाव येईल. अनोळखी कोडवरून कोणी मुलगी अडचणीत आहे म्हणत पैसे मागितले तर मात्र फोन ठेवा आणि तिच्या सेव्ह केलेल्या नंबरावर तुम्ही स्वतः लावा, कारण स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटाही दाखवता येतो.

प्रश्न (चांदोर): वडिलांच्या डायरीत त्यांच्या लिस्बनच्या मित्राचा नंबर सापडला, ०१ ने सुरू होतो. कसा लावू?

उत्तर: पोर्तुगालने १९९९ मध्ये नंबर नऊ आकडी केले, तेव्हा लिस्बनच्या ०१ चा २१ झाला. ०१ काढा, पुढचे सात आकडे तसेच ठेवा आणि ००३५१ २१ लावून ते सात आकडे दाबा. डायरीत लंडनचेही नंबर असतील तर ०१७१ च्या जागी ०२० आणि पुढे ७, ०१८१ च्या जागी ०२० आणि पुढे ८, हा बदल २००० सालचा. इथून लावताना ००४४ नंतर ०२० मधलं पहिलं शून्य गाळायचं. पंचवीस वर्षांनी तिथे कोण उचलेल सांगता येत नाही, पण वडिलांचं नाव सांगून बघा.