राजीनाम्याआधी

"उपासना चुकवत नाही, प्रार्थना करतो, कमाईचा दशांश देतो. पण सोमवार उजाडला की माझ्यात आणि इतरांत काही फरक उरत नाही. मी ढोंगी तर नाही ना?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. तो घेऊन आलेल्या एका गृहस्थांबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका कचेरीत ते विभागप्रमुख होते आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायकवृंदात गात होते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 'क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे' हे वाक्य त्यांच्या मनातून हटत नव्हतं. उपाय ते ठरवूनच आले होते : राजीनामा द्यायचा आणि पूर्णवेळ सेवेला लागायचं. पत्नी तयार नव्हती. खरं तर तिला कसं पटवावं, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी आधी झोप, भूक आणि कामातलं लक्ष यांची चौकशी केली. धर्माच्या भाषेत मांडलेली प्रत्येक टोचणी धर्माचीच असते असं नाही. काहींना तीच ती पापकबुली पुन्हा पुन्हा दिल्याशिवाय चैन पडत नाही. प्रार्थनेत एक शब्द चुकला तरी ते सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हणतात. तो ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तिथे आणखी वचनं ऐकवून उपयोग नसतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. या गृहस्थांचं तसं काही नव्हतं.

मग मी म्हणाले, "कालचा दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून, काही न गाळता."

त्यांनी सांगितला. वाटेत एकाने हात पसरला, यांनी काही दिलं नाही, आणि त्याची खंत ते बराच वेळ बोलत राहिले. म्हाताऱ्या आईने एकच गोष्ट चार वेळा विचारली तेव्हा ते तिच्यावर खेकसले, हे एका वाक्यात आटोपलं. आणि दुपारच्या बैठकीत हाताखालच्या एका मुलीने तयार केलेला अहवाल त्यांनी स्वतःच्या नावावर मांडला, हे तर ओघात निसटून गेलं. बैठक चांगली झाली, असं म्हणून ते संध्याकाळच्या प्रार्थनासभेकडे वळले.

मी त्यांना बैठकीपाशी परत आणलं. ते गोंधळले. "अहो, ते ऑफिसचं आहे. सगळीकडे असंच चालतं. त्यात विश्वासाचा काय संबंध?"

मला वाटतं, त्यांच्या अस्वस्थतेचं मूळ या प्रश्नातच होतं. विश्वासाची कृती म्हणजे रोजच्या जगण्यावर वरून आणखी काहीतरी चढवायचं, अशी त्यांची समजूत होती. ज्यांचं आपण आधीच देणं लागतो ती माणसं या हिशेबात धरलेलीच नव्हती. वाटेवरच्या अनोळखी माणसाला न दिलेलं नाणं त्यांना रात्रभर छळत होतं. त्या मुलीचं काम घेतलं, ते मात्र लक्षातही राहिलं नव्हतं.

लूकच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय त्यांना तोंडपाठ होता. त्यातला जकातदार जक्कय येशूला काय बोलला ते मी त्यांना सांगायला लावलं. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि अन्यायाने कोणाचं काही घेतलं असेल तर चौपट परत. ही चौपट हवेतून आलेली नाही. चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार द्यावीत, असं जुन्या करारातल्या निर्गमच्या २२व्या अध्यायात आहे. म्हणजे हा माणूस नुसता सद्गदित झालेला नाही, तो हिशेब करतो आहे. आणि त्याला जकातदारी सोडायला कोणी सांगितलेलं नाही. बाप्तिस्मा करणारा योहानही जकातदारांना एवढंच म्हणतो की नेमून दिलं आहे त्याहून जास्त घेऊ नका. लेवी या दुसऱ्या जकातदाराने मात्र नाका सोडला, हेही खरं. पण त्याला येशूची हाक आली होती. नाक्यावरचा हिशेब नकोसा झाला म्हणून तो उठला नव्हता. यावर ते बराच वेळ गप्प होते.

पुढच्या भेटीत त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "पण तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे ना? मग मी हे सगळं फेडत बसलो तर ती कर्मांची कमाई नाही का झाली?" प्रश्न चांगला होता, पळवाटही तितकीच चांगली होती. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला, हे उत्पत्तीतलं एकच वचन पौल रोमकरांना लिहिताना कर्मांवर नव्हे तर विश्वासावर भर द्यायला घेतो, आणि याकोब तेच विश्वास क्रियांतून दिसतो हे सांगायला घेतो. इफिसकरांच्या पत्रात तर कृपेने तारण, कर्मांनी नव्हे, असं सांगून झाल्यावर लगेच पुढच्या वचनात सत्कृत्यांसाठी निर्माण झाल्याचं येतं. त्या मुलीचं नाव अहवालावर घातल्याने तुमचं तारण वाढणार नाही, मी म्हणाले, फक्त तिचं तिला परत मिळेल.

त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की काम कोणाचं आहे. मग तिला बोलावून माफी मागितली. ती "ठीक आहे, सर" एवढंच म्हणाली आणि जागेवर गेली. वरिष्ठांचा सूर त्या दिवसापासून थोडा कोरडा झाला. हे सांगताना त्यांचा चेहरा पडलेला होता. "मला वाटलं होतं शांती मिळेल."

मिळेलही कधीतरी. पण त्या मुलीने आपल्याला हलकं वाटायला लावावं, ही अपेक्षा म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. तिला रागावायला वेळ हवा असेल, आणि तो तिचा हक्क आहे. त्यांना हे पचायला राजीनाम्याच्या विचारापेक्षा जड गेलं.

आईच्या बाबतीत आम्ही एवढंच ठरवलं की चौथ्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं, आणि विसरभोळेपणा वाढत असेल तर तिला डॉक्टरांना दाखवायचं. दुसरी गोष्ट आधी करा, असं मी बजावलं.

शेवटच्या भेटीत ते उत्साहात आले. हा सगळा अनुभव मंडळीपुढे साक्ष म्हणून सांगायची त्यांची इच्छा होती. मी नको म्हणाले. नाव घेतलं नाही तरी ती मुलगी कोण ते चार लोकांना कळणारच होतं, आणि तिच्या कामावर दुसऱ्यांदा टाळ्या यांनाच मिळाल्या असत्या. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पूर्णवेळ सेवेचा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. तो पत्नी आणि पाळकांसोबत बसून, घाई न करता बोलायचा, असं त्यांनीच सुचवलं. मला ते पटलं. यापुढे त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, असं सांगून मी त्यांची फाईल बंद केली.