बायरॅड्स ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

स्तनाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: ‘मॅडम, खाली बायरॅड्स तीन लिहिलंय, म्हणजे तिसरी स्टेज का हो?’ नाही. बायरॅड्स ही स्तनाच्या तपासणीत काय दिसलं ते सांगणारी श्रेणी. त्या आकड्याचा आणि कॅन्सरच्या स्टेजचा काहीही संबंध नाही. तरी त्या एका आकड्यापायी अख्खं घर रात्रभर जागं राहिलेलं मी पाहिलंय, म्हणून एका मायलेकींची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी २४ वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. अंघोळ करताना उजव्या स्तनात गोटीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, बोटाखाली सरकायची. तिने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी आईला कळलं, सर्जननी हाताने तपासून सोनोग्राफी लिहून दिली. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी हातात आला आणि डॉक्टर भेटणार सोमवारी. मधल्या रविवारी शेजारणीने मोबाइलवर शोधाशोध केली, मामांनी ‘आत्ताच्या आत्ता मुंबईला टाटाला न्या’ म्हणून फोनवर फोन केले. सोमवारी सर्जनना भेटून दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी समजावलेलं आईंच्या कानात शिरलंच नव्हतं.

घाबरलेल्या माणसाला नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणून काही होत नाही, असं माझं मत आहे. आधी कागद वाचून दाखवावा. मी रिपोर्ट टेबलावर पसरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. ‘दहा वाजता’ असं एके ठिकाणी होतं. आईंना वाटलं, ती तपासणीची वेळ. स्तनावर घड्याळाची तबकडी आहे असं धरून गाठीची जागा सांगतात. उजव्या बाजूला दहा वाजता म्हणजे वर, काखेकडे. पुढे माप होतं, १८ बाय ९ मिलिमीटर. गाठ कातडीला समांतर, आडवी. आकार लंबगोल, कडा गुळगुळीत. या खुणा फायब्रोॲडिनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीच्या. तरुण मुलींमध्ये सापडणाऱ्या गाठींत ही साधी गाठ सगळ्यात जास्त दिसते. रुंदीपेक्षा उंच वाढलेली, काटेरी कडांची, मागे काळी सावली पाडणारी गाठ दिसली की रेडिओलॉजिस्ट सावध होतात. तसलं या रिपोर्टात काही नव्हतं.

मग तो आकडा, ३. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने ठरवलेली ० ते ६ अशी श्रेणी आहे. चित्रात काय दिसलं आणि पुढे काय करायचं, एवढंच ती सांगते. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कॅन्सर निघण्याची शक्यता फार तर २ टक्के, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. तेही बरेचदा सोनोग्राफीत बघत बघतच करतात. खरी भीती मला शून्याची वाटते. शून्य म्हणजे तपास अपुरा आहे, आणखी चित्रं हवीत. पण ‘शून्य म्हणजे काही नाही’ असं समजून बायका निवांत घरी बसतात. स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि आजाराचा पसरलेपणा बघून.

‘मग मॅमोग्राफी का नाही केली? नुसत्या सोनोग्राफीवर भागवलं?’ आईंनी विचारलं. भागवलं नव्हतं. या वयात स्तनाची ग्रंथी दाट असते. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, त्यामुळे गाठ लपते. सोनोग्राफीत तीच गाठ करड्या-काळ्या रंगात वेगळी उठून दिसते. ती घट्ट आहे की पाण्याने भरलेली, तेही कळतं. ध्वनिलहरींची तपासणी असल्याने एक्स-रेसारखे किरण नसतात. म्हणून तिशीच्या आत पहिली तपासणी सोनोग्राफीच. चाळिशीनंतर मात्र मॅमोग्राफी आधी आणि जोडीला गरजेप्रमाणे सोनोग्राफी, कारण कधीकधी कॅन्सरची खूण ठरणारे कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीतून बरेचदा निसटतात.

गाठ काढूनच टाका, असाही आईंचा आग्रह होता. सर्जननी नको म्हटलं होतं: लहान आहे, त्रास नाही, घरात कुणाला कॅन्सर नाही, वाढली तर बायोप्सी करू.

आई बिल भरायला गेल्या तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. दोन महिने ती गाठीला घाबरून गप्प नव्हती. गावातल्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर सगळ्या पोटुशा बायका बसलेल्या असतात, समोर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक. त्या रांगेत लग्न न झालेली मुलगी दिसली तर लोक काय म्हणतील? याचा मला मनापासून राग येतो, मुलीचा नव्हे, तिला असा विचार करायला लावणाऱ्यांचा. आत जे होतं ते इतकं साधं आहे: हात डोक्यावर घ्यायचा, गार जेल लावतात, सपाट प्रोब स्तनावरून आणि काखेतून फिरवतात. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाई हवी, असं बिनदिक्कत सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आई परत आल्यावर मी त्यांचं वय विचारलं. ५२. स्वतःची तपासणी कधी केलीत? ‘मला कुठे काय होतंय?’ मुलीसाठी मुंबई गाठायला निघालेल्या या बाईंनी स्वतःचे स्तन आजवर कुणाला दाखवले नव्हते. मी त्यांना मुंबईतलाच टाटा मेमोरियलचा अभ्यास सांगितला. १९९८ मध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर तो सुरू झाला, आणि २०२१ मध्ये त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याच आठवड्यात आईंनी सर्जनकडून स्वतःला तपासून घेतलं आणि मॅमोग्राफीही केली.

सहा महिन्यांनी मुलीची गाठ तेवढीच होती. पुढची सोनोग्राफी आणखी सहा महिन्यांनी, आणि मग दोन वर्षं पूर्ण होतील तेव्हा. तोवर गाठ मोठी वाटली, वरची कातडी ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर तारखेची वाट न बघता यायचं, हे तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. सेंटरमध्ये या वेळी ती एकटीच गेली होती.